काळी पाच

पर्वरी,
शुक्रवार, रात्री अकरा

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हल्ली आपलं बोलणं म्हणजे मी इथून ओरडायचं, आईने तिथे तेच तुमच्या कानाशी ओरडायचं आणि तुम्ही सगळ्यावर "हो, जेवलो" म्हणायचं. परवा मी कानाच्या मशीनच्या सेलबद्दल विचारलं, तरी तुम्ही जेवलेलेच. म्हणून कागद घेतला. अक्षर मोठं काढलंय. तरी लागलं नाही तर आईचा चष्मा लावा, नंबर तुमचा-तिचा जवळजवळ एकच आहे.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी आरतीनंतर तुम्ही मला विचारलंत, "तुझा तो बँड नेमका मोडला कशाने? कधी सांगितलं नाहीस." पोरं घुमटं बडवतच होती, मी "असंच" म्हणून प्रसादाचं ताट उचललं. इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा विचारलंत आणि मी असं उत्तर दिलं. तेव्हापासून ते खुपतंय.

आमच्या बँडचं सांगायचं तर आधी डीप पर्पलचं सांगायला हवं, कारण आम्ही वाजवायचो ते बहुतेक त्यांचंच. तुम्ही त्यांना "जांभळे" म्हणायचात. "आज जांभळ्यांकडे तालीम का?" असं. जांभळे तर जांभळे.

ही इंग्लंडातली मंडळी, 1968 ची. तुम्हाला नाटक मंडळ्यांचा इतिहास तोंडपाठ, म्हणून त्याच चालीवर सांगतो. गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर इयन पेस. वर्षभरात या तिघांना वाटू लागलं की आपला गायक पुरा पडत नाही. मग इयन गिलन हा नवा गायक आणि रॉजर ग्लोव्हर हा बेसवाला गाठून त्यांच्याबरोबर गुपचूप तालमी सुरू केल्या. जुने दोघे बिचारे ठरलेल्या कार्यक्रमांना येऊन गातायत, वाजवतायत, त्यांना पत्ताच नाही! बालगंधर्व, बोडस आणि टेंबे किर्लोस्कर मंडळीतून फुटले आणि 1913 साली त्यांनी गंधर्व मंडळी काढली, त्याच्या केवढ्या हकिकती तुम्ही मला जेवताना सांगितल्यात. हे त्याच्या वरताण.

पण जमलं मात्र असं की विचारू नका. 1970 ते 1972 या तीन वर्षांत 'इन रॉक', 'फायरबॉल', 'मशीन हेड' अशा तीन तबकड्या, आणि 1972 च्या ऑगस्टमध्ये जपानात ओसाका आणि टोकियोला केलेल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण. ते तर मुळात फक्त जपानात विकायचं ठरलं होतं, पुढे जगभर गेलं. गाणं कोणीही सुचवो, खाली नावं पाचांची. वाटणीही तशीच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा जीव जडला तो लॉर्डवर. त्याचा हॅमंड ऑर्गन हा चर्चमधून वाजणाऱ्या जातीचा. त्याने तो गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. मग तो ऑर्गन गुरगुरतो, फाटतो, गिटारच्या अंगावर धावून जातो. आणि एक गंमत तुम्हाला तेव्हाच सांगायला हवी होती. त्यांच्या 'चाइल्ड इन टाइम'मधली ऑर्गनची सुरावट त्यांनी एका अमेरिकन बँडच्या वाद्यरचनेवरून उचलली, आणि त्या रचनेचं नाव 'बॉम्बे कॉलिंग'. हे कळलं असतं तर तुम्ही निदान दाराची कडी आतून घातली नसतीत.

आता ते धुराचं गाणं. 4 डिसेंबर 1971. मंडळी स्वित्झर्लंडात माँत्रोला तळ्याकाठच्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण करायला गेलेली. त्याआधी तिथे फ्रँक झापाचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांतल्या कोणीतरी छपराकडे दारूकामाची गोळी झाडली आणि अख्खा कॅसिनो जळला. हे लोक हॉटेलातून बघतायत, धूर जिनिव्हाच्या तळ्यावर पसरलाय. ग्लोव्हरला त्यावरून 'स्मोक ऑन द वॉटर' हे शब्द सुचले. मग दुसऱ्या एका नाट्यगृहात त्याची धून वाजवायला घेतली, तर आवाजाने शेजारपाजार जागा होऊन पोलीस आले. सामान वाहणाऱ्या पोरांनी आतून दारं दाबून धरली आणि तेवढ्यात ती पुरी करून घेतली. बाकीची तबकडी हिवाळ्यासाठी बंद पडलेल्या एका हॉटेलच्या बोळात गाद्या उभ्या करून झाली.

त्या गाण्याची गिटारची धून मी तुम्हाला एकदा पेटीवर वाजवून दाखवली होती, आठवतं? सा ग म, सा ग तीव्र म म, सा ग म, ग सा. गंधार कोमल. तुम्ही म्हणालात, "एवढंच? एवढ्यासाठी घर हलवतोस?" आणि मग तुम्हीच संध्याकाळी भजनाला जाताना ती गुणगुणत होतात. नाही म्हणू नका, आईने ऐकलंय.

आता खरं ते लिहितो.

1995 चा पावसाळा. तुम्ही आत्याकडे डिचोलीला गेला होतात. मला लॉर्डसारखा आवाज हवा होता आणि कीबोर्ड घ्यायला पैसे नव्हते. मी तुमची पेटी देवघरासमोर ओढली, भात्याच्या मागे मायक्रोफोन टेकवला आणि गिटारवाल्याच्या अँप्लिफायरला जोडला. बाबा, आवाज आला! फाटका, जाडा, अंगावर काटा आणणारा. फक्त गिटार आणि पेटी एका सुरात लागेनात. पेटी केसभर चढी. मी ऐकलं होतं की सुराची पितळी जीभ टोकाला तासली की सूर चढतो आणि बुडाशी तासली की उतरतो. दाढीचं ब्लेड घेतलं. पांढरी पाच उतरली. मग काळी पाच, म्हणजे काळ्या पट्ट्यांतली पाचवी, घेतली, कारण धुनीतला कोमल गंधार तोच. दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं, आणि जीभ बुडाशी तुटून माझ्या तळहातावर पडली. नखाएवढी. अजून गरम होती, म्हणजे माझ्याच हाताने.

पेटी दुहेरी सुरांची, म्हणून पट्टी मुकी झाली नाही. नर, म्हणजे वरचा सूर, गेला, खालचा खर्ज उरला. तुम्ही परत आलात, भजनाला बसलात, आणि काळी एकमध्ये गाणारा माणूस तुम्ही, तुमचा शुद्ध धैवत म्हणजे नेमकी तीच पट्टी. भूप धरलात आणि धैवतावर पेटी पोकळ वाजली. तुम्ही भाता थांबवून म्हणालात, "पावसाळा लागला पेटीला." मी म्हणालो, "हो, दमट हवा आहे यंदा." त्यानंतर तुम्हाला भूप वाजवताना मी फारसं ऐकलेलं नाही. वाजवलात तरी धैवत नुसता शिवून पुढे जायचात.

तर बँड. चार वर्षं आम्ही चांगले वाजवायचो, हे मी आता लाज न बाळगता म्हणतो. पणजी-मडगावच्या कॉलेजांची गॅदरिंगं, सासष्टीतली फेस्तं, डिसेंबरात कळंगुटच्या बाजूची हॉटेलं. आमचा ड्रमर घुमट-शामेळावर वाढलेला, त्यामुळे त्याचा हात पेससारखा नव्हता, पण आरतीच्या शेवटी लय वाढवतात तशी तो वाढवायचा आणि पब्लिक वेडं व्हायचं. गायक म्हापशाचा, तियात्रात, म्हणजे कोंकणी नाटकांत, कांतारं म्हणणारा. गिलनच्या किंकाळ्या त्याला जमायच्या, इंग्रजी उच्चार जमायचे नाहीत, पण किंकाळीला उच्चार कुठे लागतात.

जांभळ्यांचं पुढे काय झालं? दौऱ्यांवर दौरे, आजारपणं, विश्रांती नाही. गिलन आणि ब्लॅकमोर एकमेकांशी बोलेनासे झाले. 29 जून 1973 ला गिलन आणि ग्लोव्हर शेवटचे उभे राहिले, तेही ओसाकातच, जिथे दहा महिन्यांपूर्वी जपानी पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. मग कपड्यांच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल गायक झाला. 1974 ला कॅलिफोर्नियात लाखोंच्या गर्दीसमोर ब्लॅकमोरने टीव्हीच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली. 1975 ला तोही गेला. त्याच्या जागी टॉमी बोलिन नावाचं एक गुणी, व्यसनी पोर आलं, पण मंडळी आतून संपली होती. 15 मार्च 1976, लिव्हरपूल, पडदा. बोलिन त्याच वर्षी 4 डिसेंबरला गेला, पंचविशीत. माँत्रोच्या आगीला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. ही तारीख मला कायम नको तेव्हा आठवते.

आमचा बँड का मोडला, असं कोणी विचारलं की मी सांगतो, हणजूणला ट्रान्स संगीत आलं, हॉटेलवाल्यांना चार माणसांपेक्षा एक डीजे स्वस्त पडू लागला, 2000 साली रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंदचा नियम आला. हे सगळं खोटं नाही. तुमच्या नाटक मंडळ्यांनासुद्धा लोक बोलपटांनी मारलं म्हणतात, आणि तुम्हीच सांगायचात की बरीचशी आतल्या हिशोबाच्या वह्यांनीच मेली होती.

आमची वही माझ्याकडे असायची. 1997 ला मी हप्त्यावर कीबोर्ड घेतला. हप्ता भरायचा म्हणून दर कार्यक्रमाच्या पैशातून आधी माझे चारशे काढायचो आणि उरलेले चौघांत समान वाटायचो. कोणाला सांगितलं नाही. कीबोर्ड बँडचाच आहे, असं मनाशी म्हणायचो. दीड वर्ष हे चाललं. एका डिसेंबरात हॉटेलवाल्याने पैसे माझ्याऐवजी ड्रमरच्या हातात दिले आणि त्याला आकडा कळला. तो भांडला नाही. त्याने काठ्या पिशवीत घातल्या आणि मला मडगावच्या बशीपर्यंत सोडायला आला, नेहमीसारखा. पुढच्या तालमीला कोणीच आलं नाही. गिटारवाला वर्षभरात बोटीवर गेला. गायक कुवेतला. आता आम्ही भेटतो ते कोणाच्या तरी मातीला, आणि तिथे कोण पैशाचं बोलणार?

जांभळे 1984 ला पुन्हा जमले, तेच जुने पाच. तबकडी चांगली निघाली. पण बहुतेक गाण्यांखाली पाचांऐवजी तिघांची नावं होती. मी ते कव्हर वाचलं आणि म्हटलं, हे पुन्हा फुटणार. फुटलेच, दोनदा. जॉन लॉर्ड 2002 ला बाजूला झाला आणि 2012 च्या जुलैत वारला. त्या रात्री मी इथे हेडफोन लावून बसलो होतो आणि त्याच्या ऑर्गनमागे मला सतत तुमची पेटी ऐकू येत होती. उजव्या कानात तशीही शिट्टी वाजते माझ्या, त्या अँप्लिफायरांची देणगी. तुमचा कान वयाने गेला. माझा मी स्वतः घालवतोय, हळूहळू.

म्हापशाला एक वयस्क पेटीवाले आहेत. त्यांच्याकडे मोडलेल्या पेट्यांतून काढलेले सूर विड्यांच्या जुन्या डब्यांत ठेवलेले असतात. गेल्या महिन्यात तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या डब्यात काळी पाचचा नर सापडला, तुमच्या पेटीच्याच मापाचा. ते स्वतः बसवायला यायला तयार आहेत, रविवारी, दहाच्या सुमाराला. पेटी आधी उघडून ठेवू नका. धूळ झाडायलाही नको, धुळीनेच कळतं म्हणे कुठला सूर किती वर्षं हललेला नाही.

ऐकू कितपत येईल ते बघू. चवथीला तुम्ही पेटीच्या झाकणावर तळवा ठेवून बसला होतात, मी पाहिलं. तसेच बसा. उजव्या हाताने भूप धरा, डावा खांदा आखडलाय तर त्याला त्रास देऊ नका, भाता मी मारीन.

तुमचा,
बाबू

ता. क. आई, त्या दिवशी देवघरासमोर पडलेलं ब्लेड तू उचललंस, पदराने पुसलंस आणि शिवणाच्या डब्यात ठेवलंस. मी खांबाआडून बघत होतो. हे पत्र बाबांच्या हातात देण्याआधी एवढा तुकडा फाडून घेतलास तरी चालेल.