काढलेली गाठ तपासायला पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इचलकरंजीत मी सत्तावीस वर्षं यंत्रमाग चालवतोय. छातीच्या मधल्या हाडाला लागून डावीकडे सुपारीएवढी टणक गाठ आली. दुखत नव्हती, हलतही नव्हती. जवळच्या एका दवाखान्यात ‘चरबीची गाठ आहे’ म्हणत जागा बधिर करून अर्ध्या तासात काढली. तपासायला पाठवली नाही. आठ महिन्यांत त्याच टाक्यांखाली लिंबाएवढा फुगवटा आला.

मुंबईत सीटी स्कॅन झाला, सुईने तुकडा घेतला, तेव्हा कॉन्ड्रोसार्कोमा निघाला. बरगडीच्या कूर्चेतून वाढणारा हा कॅन्सर. किमोला, शेक देण्याला (रेडिएशनला) तो फारसा दाद देत नाही. भोवतालचा चांगला भाग धरून मुळासकट कापावाच लागतो. पहिल्या वेळी पेशी आजूबाजूला सांडल्या असणार, म्हणून जुन्या व्रणासकट कातडी, स्नायू आणि तीन बरगड्यांचे तुकडे काढले.

छातीला एवढं भगदाड तसंच ठेवता येत नाही. श्वास घेताना ती जागा आत ओढली जाते आणि फुप्फुसात हवा नीट भरत नाही. म्हणून जाळीच्या दोन थरांत बोन सिमेंट भरून, बरगड्यांचा बाक देऊन पाटी बसवली. तिच्यावर पाठीचा रुंद स्नायू कातडीसकट पुढे फिरवून घेतला. त्याची रक्तवाहिनी काखेत जोडलेलीच ठेवतात, म्हणून तो जिवंत राहतो. आजही आंघोळ करताना पाटीची कड बोटाला लागते.

नंतरचे दिवस नळ्यांचे, उशी छातीशी दाबून खोकण्याचे. फुप्फुसाच्या व्यायामासाठी तीन प्लास्टिकच्या गोळ्यांच्या यंत्रातून श्वास ओढून त्या वर उचलायच्या. पहिल्या दिवशी एकच गोळी हलली, तरी बायकोचे डोळे भरून आले. आता मी पुन्हा मागावर आहे. धोट्यात कांडी घालायला अडचण नाही, पण कारखान्याचं शटर खाली ओढताना डावा हात कमी पडतो.

माझी कळकळीची विनंती आहे. कुठेही, कुठलीही गाठ काढली तरी ती लॅबमध्ये गेलीच पाहिजे आणि रिपोर्ट पेशंटच्या हातात पडला पाहिजे. बरगडीला चिकटलेली, वाढणारी टणक गाठ तर स्कॅन आणि सुईची तपासणी झाल्याशिवाय कोणी कापू नये. चोळून तर मुळीच घेऊ नये.

माझी पहिली गाठ ट्रेमध्ये कापसावर पडलेली मी पाहिली होती. पांढुरकी, निळसर, काचेसारखी चमकणारी. चरबी पिवळी असते, हे मला मुंबईच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. नर्सने ती उचलून बादलीत टाकली आणि मी काहीच विचारलं नाही.

– एक यंत्रमाग कामगार, इचलकरंजी