चालू खात्याचा ग्राहक वाऱ्यावर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कर्जाबरोबर विमा गळ्यात मारण्याच्या बँकांच्या सवयीवर अधूनमधून लिहिले जाते, पण बहुतेक वेळा पगारदार आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाजूने. चालू खातेवाल्याचा, म्हणजे धंदेवाल्याचा, विषय निघाला की ‘त्याला व्यवहार कळतो’ म्हणून सगळे हात झटकतात. मी इचलकरंजीत यंत्रमागधारकांचे हिशेब पाहतो. सुताचा भाव आणि मजुरी या माणसांना कोणत्याही मॅनेजरपेक्षा जास्त कळते. पॉलिसीतली सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे ती मुदतीआधी मोडली तर हाती किती पडेल, हे कळतेच असे नाही.

सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी ठरावीक लिमिटपर्यंत उचलता येणारे कर्ज) रिन्यूअलची फाइल येते तेव्हा सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या असतात. मार्चअखेर तोंडावर, सूतवाल्याचे पेमेंट अडलेले. विम्याचा फॉर्म त्यातच होता हे पॉलिसी घरी आल्यावर समजते. हप्ता सीसीलाच नावे पडलेला, म्हणजे त्यावर व्याजही सुरू. विचारायला गेले की उत्तर ठरलेले : ‘सही तुमचीच आहे ना?’ सल्ला मात्र सगळा तोंडी दिलेला.

हाच प्रकार 2007-08 मध्ये फार मोठ्या प्रमाणावर झाला. डॉलर 40 रुपयांच्या खाली गेल्याने निर्यातदार धास्तावले होते. बँकांनी त्यांना ‘बिनखर्चाचे संरक्षण’ म्हणत जपानी येन आणि स्विस फ्रँकच्या भावाशी बांधलेले करार विकले; भाव उलटा फिरला की भरपाई ग्राहकाच्या अंगावर. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या निर्यातदार होजिअरीवाल्याची बिले डॉलरमध्ये. फ्रँकशी त्याचे काय देणेघेणे? मार्च 2008 मध्ये फ्रँक डॉलरच्या बरोबरीला आला आणि अनेकांच्या मानगुटीवर कोट्यवधींचे देणे बसले. ग्राहकाला झेपेल तेच विका, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2007 मध्येच बजावले होते. ते पाळले नाही म्हणून एप्रिल 2011 मध्ये 19 बँकांना दंड झाला. किती? प्रत्येकी 5 ते 15 लाख. बँकेच्या दृष्टीने चहापाण्याचा खर्च!

त्यानंतर डिसेंबर 2014 मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहक हक्कांची सनद काढली. ग्राहकाची गरज, आर्थिक स्थिती आणि समज पाहूनच सेवा विकावी, हा हक्क तीत स्पष्ट लिहिलेला आहे. पण दाद कुठे मागायची? ग्राहक संरक्षण कायद्यातून ‘व्यावसायिक हेतू’ने घेतलेली सेवा वगळलेली. स्वयंरोजगारावर पोट असणाऱ्याला त्यात सवलत आहे, पण चार मजूर ठेवले की वाद सुरू. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका शेअर दलालाच्या ओव्हरड्राफ्ट प्रकरणात तो ‘ग्राहक’ नाही असाच निकाल दिला. बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या 2021 च्या लोकपाल योजनेतून बँकेचा ‘व्यावसायिक निर्णय’ बाहेर ठेवलेला. उरते दिवाणी कोर्ट. ज्याची लिमिट दरवर्षी त्याच शाखेत रिन्यू व्हायची, तो कोर्टाची पायरी कशाला चढेल?

मोठ्या कंपन्यांकडे पैसा आणि परकी चलन सांभाळणारा ट्रेझरी विभाग असतो, त्यांनी आपले पाहावे. छोट्या उद्योगांसाठी मात्र रिझर्व्ह बँकेने एवढे तरी सक्तीचे करावे : कर्जाशिवाय जे काही विकायचे त्याचा वेगळा कागद, मराठीत, विकणाऱ्याच्या सहीचा. त्यावर हे याच ग्राहकाला का सुचवले आणि बँकेला कमिशन किती, हे लिहिलेले असावे. आणि त्यावर ग्राहकाची सही लिमिट मंजूर झाल्यावर पंधरा दिवसांनी घ्यावी, त्याच टेबलावर त्याच दिवशी नव्हे.

— एक वाचक, इचलकरंजी