निकालासोबत लोणही छापा

महोदय,

प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला की आपल्या क्रीडा पानावर रोज निकाल येतात, पण फक्त अंतिम गुण. लोण, म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद करणं, कुणी चढवला ते त्यात नसतं. परभणी, बीड, लातूरकडे तालुक्याच्या मैदानावर पोरांना शिकवणाऱ्यांच्या हाती त्यातून काही लागत नाही.

आकड्यांत किती दडलेलं असतं ते पुणेरी पलटणच्या दहाव्या हंगामात दिसतं. 22 साखळी सामने, 17 विजय, 2 पराभव, 3 बरोबरी, एकूण 96 गुण. तेव्हा विजयाला 5, बरोबरीला 3 आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास 1 गुण मिळे. विजयांचे 85 आणि बरोबरीचे 9 मिळून 94 झाले. उरलेले 2 पराभवांतूनच आले. म्हणजे कर्णधार अस्लम इनामदारचा हा संघ अख्ख्या साखळीत एकदाही सातपेक्षा जास्त गुणांनी हरला नाही! जयपूरचंही तसंच: 16 विजय, 3 बरोबरी, 3 पराभव, 92 गुण. मांडून पाहा, तिन्ही पराभव निसटते निघतात. ‘सातच्या आतले पराभव’ हा रकाना तक्त्यात असता तर हे वाचकाला एका नजरेत कळलं असतं.

पुढे पलटणने उपांत्य फेरीत पाटण्याला 37-21 आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात हरियाणाला 28-25 असं हरवलं. एका लोणचे 2 गुण जादा मिळतात आणि समोरचे सातही जण परत मैदानात येतात. तीन गुणांच्या सामन्यात लोण कुणी, कितव्या मिनिटाला चढवला, हीच खरी बातमी असते. ती आम्हाला वाचायला मिळत नाही.

जागा फार लागणार नाही. मध्यंतराचे गुण आणि त्याखाली प्रत्येक संघाची एक ओळ पुरे. नमुन्यादाखल, 34 गुण असतील तर: चढाई 18, पकड 11, लोण 4, अतिरिक्त 1. इथे एक चूक हमखास होते. बोनस चढाईच्या गुणांत आणि अव्वल पकडीचा (मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीचा) जादा गुण पकडीत आधीच धरलेला असतो; ते पुन्हा वेगळे लिहिले की बेरीज जुळत नाही. चार आकड्यांची बेरीज अंतिम गुणांइतकी येते का, एवढं छापण्यापूर्वी तपासावं.

बाराव्या हंगामापासून विजयाला 2 आणि पराभवाला शून्य गुण आहेत, बरोबरी टायब्रेकरने सुटते. त्यामुळे जुने 96 गुण नव्या तक्त्याशेजारी ठेवून तुलना करू नये. विजयांची टक्केवारी द्यावी. आम्हाला जुना नियमच बरा वाटतो. नऊ गुणांनी मागे पडलेला संघही पराभव सातवर आणायला शेवटच्या मिनिटाला दोन गुणांसाठी जीव काढायचा, आणि पुढे असलेल्या संघाचा चढाईपटू चढाईचे तीस सेकंद पुरवून खायचा. टायब्रेकरमधल्या पाच-पाच चढायांचे गुण मात्र कंसात वेगळे छापावेत. ते 40 मिनिटांच्या गुणांत मिसळले, तर सामना बरोबरीत होता हेच पुसलं जातं.

आपले,
परभणी-जिंतूर भागातील काही कबड्डी प्रशिक्षक