अंकल, त्या पहाटेसाठी

प्रिय अंकल,

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

पप्पा गेले तेव्हा व्हिसाच्या कागदांमुळे मला वसईला जाता आलं नाही. तिथे दुपारी चारला अंत्यविधी, इथे न्यू जर्सीत पहाटेचे साडेपाच. बाहेर बर्फ. फोन टेबलावर उभा करून मी एकटाच बसलो होतो, आणि पाचला दार वाजलं. तुम्ही, सोबत तुमच्या संघटनेच्या कौन्सिलमधले, म्हणजे स्थानिक शाखेतले, दोघं. एकाच्या हातात चहाचा थर्मास. त्या दोघांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरी दफनभूमीतून मंडळी घरी परतेपर्यंत ते हातात जपमाळ घेऊन बसून राहिले. गावी मयताच्या घरी शेजारी बसतात, अगदी तसे.

‘नाइट्स ऑफ कोलंबस’ हे तुमच्या या कॅथलिक पुरुषांच्या संघटनेचं नाव मी तोवर फक्त चर्चच्या हॉलबाहेर, पॅनकेकच्या नाश्त्याच्या पाटीवर वाचलं होतं. सभासद हो, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. दोन महिन्यांनी मीच विचारलं. तेव्हा तुम्ही फादर मायकल मॅकगिव्हनींबद्दल सांगितलंत. १८७३ साली ते सेमिनरीत असताना वडील वारले. घरी आई आणि सहा धाकटी भावंडं, शिक्षण सोडून परतावं लागलं. पुढे फादर झाल्यावर १८८२ मध्ये न्यू हेवनच्या सेंट मेरीज चर्चमध्ये त्यांनी ही संघटना उभारली, कमावता माणूस गेला म्हणून घर मोडू नये यासाठी. ते ऐकताना मला पप्पाच दिसत होते.

एक गोष्ट मनात खटकत होती. सभासदत्वाच्या चार पायऱ्या, त्यांना पदव्या म्हणतात; त्यातली चौथी देशभक्तीची, आणि मी भारतीय नागरिक. तुम्ही शांतपणे समजावलंत: पहिल्या तीन पदव्या दानधर्म, एकता, बंधुता यांच्या, त्या तिन्हींचा विधी एकच, चौथी ज्याच्या त्याच्या इच्छेवर. पहिल्या तिन्हींच्या विधीत मी सभासद झालो, तेव्हा बायकोही हजर होती. तिथे मिळालेली जपमाळ आता कायम खिशात असते.

गेल्या शनिवारी मुलांना कोट वाटताना एका चिमुरडीची चेन अडकली. तुमचे गुडघे दुखतात, तरी तुम्ही खाली बसून चेनीवर मेणबत्ती घासत राहिलात. रांग थांबली होती, पण घाई केली नाहीत.

आई मे महिन्यात येतेय. तुमच्यासाठी आणि थर्मासवाल्या त्या दोघांसाठी सुकेळी आणतेय, तीन वेगवेगळ्या पुड्या बांधून.

तुमचा,
वसईचा पोरगा