दादांची माळ आणि चमचाभर दूध

प्रिय बंड्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. "पोरांना फिजिक्स शिकवतोस आणि आषाढीला वारीत चालतोस. मग वर्गातला तू खरा की दिंडीतला?" हा प्रश्न मनाला लागला. उत्तराची सुरुवात आमच्या दादांपासून करतो.

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो म्हणून देवळापुढे रांगा लागल्या होत्या, आठवतं? मी कॉलेजात होतो. घरच्या संगमरवरी गणपतीसमोर दादांना बसवून दाखवलं, चमचा तिरका करून सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ थराने मूर्तीवरून ओघळतं. पांढऱ्या दगडावर ते दिसत नाही, इतकंच. दुधात चिमूटभर कुंकू टाकलं आणि ओघळ लख्ख दिसला. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस, मला वाटलं दुखावणार. ते म्हणाले, "दूध प्यायला म्हणून मोठा झालेला देव, उद्या नाही प्यायला तर लहान होईल. आपला तसला नाही."

पुढे लेमेत्रबद्दल वाचताना दादाच आठवले. बेल्जियमचा हा कॅथलिक धर्मगुरू पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून मांडलं, आणि १९३१ मध्ये सगळ्याची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असावी असंही. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या विज्ञानात ईश्वरी निर्मितीची साक्ष आहे असं सांगितलं, तेव्हा लेमेत्र सुखावला नाही, अस्वस्थ झाला. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नांपासून वेगळाच राहावा, असं त्याचं म्हणणं होतं. मला ते मनापासून पटतं. समीकरण उद्या बदलू शकतं. त्याला देव टांगून ठेवला तर दोघांचंही नुकसान.

पण श्रद्धा औषधाच्या आड आली की मी भांडतो. चुलतभावाला घोणस चावली तेव्हा काकी त्याला मांत्रिकाकडे न्यायला निघाली होती. दादांनीच जीप मागवली आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, विषावरच्या इंजेक्शनला उशीर झाला की माणूस हातचा जातो. आत सलाइन चालू होतं, बाहेर बाकावर दादा हरिपाठ म्हणत होते. २०१३ साली पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्या दिवशी मला तो बाक आठवला. देव मानणाऱ्यांशी त्यांचं वैर नव्हतं रे, देवाच्या नावावर चालणाऱ्या लुबाडणुकीशी होतं.

भाऊ वाचला. काकी अजून म्हणते, विठ्ठलानेच वाचवला. रात्रभर जागलेल्या डॉक्टरबाईंचं नावसुद्धा ती घेत नाही, याचा मला फार राग येतो. दादा मात्र वारीहून परतले की पंढरपूरचा बुक्का आणि चुरमुरे आधी त्या बाईंच्या घरी देऊन येत, मग आमच्या घरी.

दादा गेल्यापासून ती पुडी मी पोचवतो.

तुझाच