कयाकच्या बातमीत पासपोर्टचंही लिहा

मा. संपादक,

कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या अरुंद होडीतून, कोणी चार-पाच देश पार केले की बातमी येते, त्यात किलोमीटर असतात, लाटा असतात, हाताला आलेले फोड असतात, पण त्या माणसाने प्रत्येक देशात एंट्रीचा शिक्का कुठे मारून घेतला हे कधीच नसतं, आणि नवीन माणूस नेमका तिथेच अडकतो. वल्हं मारायला शिकवणारे खूप आहेत, बॉर्डरचं कोणी सांगत नाही म्हणून हे पत्र.

नदीतली सीमा बऱ्याचदा पात्राच्या मध्यातून नाहीतर सगळ्यात खोल धारेतून जाते आणि पाण्यात बसलेल्याला ती दिसत नाही. मग वाटतं की एवढीशी कयाक, इंजिन नाही शीड नाही, कोण विचारतंय! पण परक्या देशाच्या रिकाम्या काठावर तंबू ठोकला की तो प्रवेशच झाला, आणि नोंद नसेल तर बेकायदा. वादळात जीव वाचवायला काठ गाठला तर गोष्ट वेगळी, तरी लगेच कळवायचं असतंच.

युरोपातल्या डॅन्यूबचंच बघा. ही नदी १० देशांना लागून वाहते, वरच्या टप्प्यात शेंगेनचे, म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणारे, देश असल्यामुळे जर्मनीतून ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी असं माणूस सहसा पासपोर्ट न काढता वल्हवत येतो आणि सवय लागते. पुढे सर्बिया शेंगेनच्या बाहेर, म्हणून हंगेरीतल्या मोहाच गावी थांबून बाहेर पडल्याची नोंद करायची, तिथे मालवाहू जहाजांसारखी क्रू लिस्ट लागते, एकटे असलात तरी, म्हणजे कॅप्टनही तुम्हीच आणि क्रूही तुम्हीच. मग सर्बियाची एंट्री बेझदानला, साधारण २० किलोमीटर खाली. मधल्या पट्ट्यात उजव्या हाताला क्रोएशिया लागतो, तो जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे चहा करायला त्या काठाला लागलात तर आत्ताच जिथून बाहेर पडलात तिथेच परत नोंद न करता घुसलात. त्यात नदीने जुनं पात्र सोडल्यामुळे क्रोएशिया आणि सर्बियाचा तिथे सीमेवरून वाद आहे, कुठला काठ कोणाचा हे नुसतं बघून कळत नाही.

आणि नोंद राहिली तर नुकसान आपलंच. युरोपबाहेरच्या पर्यटकाला शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात, अख्खी डॅन्यूब वल्हवायला दोन-तीन महिने सहज जातात, बाहेर पडल्याची नोंद नसेल तर तुम्ही आतच आहात असं धरलं जाऊ शकतं.

ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन १९३२ मध्ये याच नदीवर उल्म गावातून घडीच्या कयाकमधून निघाला, तुर्कस्तान, इराण, भारत, इंडोनेशिया असा काठाकाठाने सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या सायबाई बेटावर पोचला, आणि तो होता सप्टेंबर १९३९, महायुद्ध सुरू झालेलं. शत्रू देशाचा नागरिक म्हणून त्याला धरलं आणि युद्ध संपेपर्यंत छावणीत ठेवलं. एवढा समुद्र पार करून आलेल्या माणसाचं पुढचं सगळं त्याच्या पासपोर्टने ठरवलं, हे वाचून मला अजून वाईट वाटतं.

नियम नकोत असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण ते पाळता येतील असे तरी हवेत. मोठ्या जहाजांसाठी बांधलेल्या उंच धक्क्याला कयाक लावायची, वर चढायचं, सगळं सामान खाली सोडून ऑफिस शोधत फिरायचं, तेवढ्यात एखादं जहाज लाट उडवून जातं, हे धोक्याचं आहे हो. अमेरिका आणि कॅनडाने यात बरीच अक्कल दाखवलीय, अमेरिकेत रोम नावाच्या ॲपवरून कळवता येतं, गरज पडली तर अधिकारी व्हिडिओ कॉलवर बोलतो, कॅनडात पोचल्यावर फोन करायचा. पलीकडच्या पाण्यात जाऊन कुठे न उतरता, नांगर न टाकता, दुसऱ्या बोटीला न भिडता परत आलात तर साधारणपणे तेवढंही लागत नाही. हीच सोय बाकीच्या सीमेवरच्या नद्यांवर का होऊ नये? फोन तर आता प्रत्येकाच्या ड्राय बॅगेत असतोच.

तोवर तुमच्या बातमीदारांना एक विनंती, अशा मोहिमेवरून आलेला माणूस भेटला की त्याला शिक्के कुठे घेतले, कुठल्या काठाला उतरू दिलं नाही, किती वेळ गेला हेही विचारा आणि ते दोन ओळीत का होईना छापा.

आपला,
एक वाचक