सारसोळ्याच्या काकांना, टेनेसीतल्या थंड पाण्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. नेरूळ-बेलापूरकडून दरवर्षी कितीतरी पोरंपोरी कामासाठी अमेरिकेत जातात. त्यांतल्या एखाद्याला गळाचा नाद असला आणि वाट्याला नेमका जानेवारी आला, तर तुम्ही मला जे शिकवलंत ते त्याच्याही हाताशी असावं, हा दुसरा हेतू.

मला नॉक्सव्हिलला पाठवायचं ठरलं तेव्हा ऑफिसातल्यांनी जाकिटं, थर्मल आणि लोणच्याच्या बरण्या अशा याद्या दिल्या. तुम्ही एकट्यानं विचारलंत, "पाणी किती थंड असंल, बघितलंस का?" मुलाकडे टेनेसीत हिवाळे काढलेला सारसोळ्याचा कोळीच हे विचारणार. मग जेट्टीवर बसून तुम्ही नॉरिसचं धरण समजावलंत. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीनं बांधलेलं हे पहिलं धरण, १९३३ साली काम सुरू होऊन १९३६ मध्ये पुरं झालेलं. त्यामागचा तलाव खोल आहे, काठ खडकाळ आहेत आणि हिवाळ्यातही तो सहसा गोठत नाही. "बर्फ नाय म्हणून गळ टाकता येतो. पण मासा तिथं आपल्या जिताड्यावानी धावत येनार नाय," हे तुमचं पहिलं वाक्य.

आपल्या खाडीचं पाणी थंडीतही विशीच्या खाली क्वचितच उतरतं, तरी पौषात जिताडा सुस्तावतो आणि भरती वळायची वाट बघत मुळांशी पडून राहतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तिथं गळाला लागतो तो बास, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. बास आणि जिताडा वेगवेगळ्या कुळांतले, पण थंडीचा हिशेब दोघांचा एकच. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की बासचं पचन इतकं मंदावतं की एकदा गिळलेला मासा त्याला कित्येक दिवस पुरतो. तो उपाशी नसतो, काटकसरी असतो. महिनाअखेरीला आपण रिक्षा सोडून चालत घरी येतो तसं, असं तुम्ही म्हणालात आणि मला सगळं तिथंच कळलं. त्याला भुलवायचं नाही, घास स्वस्तात तोंडाशी न्यायचा. पुढं तुम्ही जे जे सांगितलंत ते याच एका गोष्टीतून निघालेलं होतं, म्हणून ते लक्षात ठेवायला वही लागली नाही.

तिथल्या दुकानात गेलं की डोळे फिरतात. एका भिंतीवर नुसते लूर, म्हणजे खोटी आमिषं, सगळ्या रंगांची. तुम्ही आधीच बजावलं होतंत की थंडीत खटखट वाजणारं, फडफडणारं काही घेऊ नकोस, पाण्यात अधांतरी थांबणारा जर्कबेट, म्हणजे झटके देऊन हलवायचा माशाच्या आकाराचा लूर, तेवढा घे. त्यामागचं कारण मला सगळ्यात आवडलं. त्या भागातल्या तलावांत थ्रेडफिन शॅड नावाची छोटी चंदेरी मासळी असते आणि तिला थंडी सोसत नाही. पाणी सातेक अंशांवर आलं की ती गळाठते, एकदा तडफडते, थांबते, पुन्हा तडफडते. बासला हे फुकटचं जेवण. जर्कबेटनं नेमकं तेवढंच करायचं, दोन झटके आणि मग थांबायचं. किती थांबायचं? "एकोनीसचा पाढा म्हन, मग हलव." काका, त्या थंडीत एकोणीस साते माझ्या तोंडून कधीच वेळेवर निघालं नाही. पण त्या अडखळण्यातच मासे लागले, तेव्हा पाढा कच्चा असण्याचा हा एवढाच फायदा आयुष्यात झाला.

आणि तुमची ती डबी! बोकडाच्या शेपटीचे केस शिशाच्या बारीक गोळीमागे बांधलेले जिग, एकेक जेमतेम दोन ग्रॅमचा. फ्लोटखाली, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाखाली, दहाएक फुटांवर असा जिग सोडायची रीत पूर्व टेनेसीतलीच आहे, फ्लोट अँड फ्लाय म्हणतात. एवढी लांब लोंबती दोरी फेकायची तर रॉडही आठ-नऊ फुटांचा लागतो आणि तंगूस बारीक. थंड पाण्यात रबरी शेपट्या ताठरतात, केस मात्र नुसते टांगले तरी हलतात. लाटेवर फ्लोट डोलतो, त्याच्याबरोबर जिग खालीवर होतो, आपण जवळजवळ काहीच करायचं नाही. शेजारच्या बोटीतल्या आजोबांनी ते केस बोटांत धरून निरखले आणि कुठं मिळतात म्हणून विचारलं. नेरूळला, असं म्हणताना मला जरा जास्तच ऐट आली.

तुम्ही सांगितलं नसतंत तर ते जिग माझ्या काहीही कामाचे नव्हते, कारण गार पाण्यातला बास ओढत नाही. खाडीत जिताडा लागला की हाताला हिसका बसतो. तिथं मासा जिग तोंडात धरून किंचित वर येतो, दोरीवरचं वजन जातं आणि उभा फ्लोट आडवा पडतो. बुडत नाही, नुसता आडवा. जर्कबेटवर असाल तर दोरी फक्त जड वाटते, पाचोळा अडकल्यासारखी. "आडवा झाला का ओढ, विचार नंतर कर."

वेळेचंही तसंच. आपल्याकडे पहाटेची भरती गाठायची सवय. तुम्ही म्हणालात, तिथं पहाटे झोप, दुपारी दोनला जा आणि तलावाच्या उत्तरेच्या काठाला बस. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे ऊन त्या काठावर पडतं, खडक तापतात आणि लगतचं पाणी अर्ध्या-एक अंशानं वर येतं. आपल्याला ते कळणारही नाही, माशाला कळतं. नॉक्सव्हिलला दुपारचे दोन म्हणजे नेरूळला रात्रीचे साडेबारा. त्या वेळी मी फोटो पाठवायचे आणि मिनिटाभरात तुमचा आवाज यायचा, "डावीकडं सरक, तो खडक पान्यात उतरतोय तिथं." तुम्ही जागे राहत होतात हे काकूंनी नंतर सांगितलं. तुम्ही मला पंख्याच्या आवाजामुळे झोप लागत नाही असं सांगितलं होतंत. जानेवारीत पंखा, काका?

पण खरे आभार मानायचे आहेत ते तुमच्या रागाबद्दल. लाइफ जॅकेट न घालता काढलेला माझा एकही फोटो तुम्ही खपवून घेणार नाही, असं तुम्ही निघण्याआधीच दरडावलंत. मी म्हटलं, मला पोहता येतं. तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते खाडीवर वाढलेल्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. पाच-सहा अंशांच्या पाण्यात पडलं की पोहण्याचा प्रश्नच आधी येत नाही. अंगाला गारठा बसताच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथंच संपतो. पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय आपले असतात, तेवढ्यात बाहेर निघायचं. मग बोटं मिटेनाशी होतात, दोरही धरता येत नाही. अंग गारठून शुद्ध जायला त्याहून बराच वेळ लागतो, तासाभराचा, पण तोवर तरंगत ठेवायला जॅकेट हवं. माणसं गारठून जाण्याच्या कितीतरी आधी बुडतात. आपल्या कोमट खाडीत हे शिकायची वेळ कुणावर येत नाही, म्हणून पोहता येणाऱ्यालाच धोका जास्त. तुम्ही हे आवाज न चढवता सांगितलं असतंत तर मी हो हो करून विसरून गेले असते.

काकूंनाही एक निरोप. रॉडच्या कड्यांत बर्फ धरू नये म्हणून त्यांनी खोबरेलाची बाटली दिली होती. ते तेल नॉक्सव्हिलच्या विमानतळावरच पांढरं घट्ट झालं, बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. शेवटी कड्यांना ओठांचा बाम चोळला आणि काम झालं. तेल मी डोक्याला लावलं, हीटरजवळ ठेवून.

मासे मिळाले. त्यांतला एक स्मॉलमाउथ जातीचा बास अजून डोळ्यांपुढे आहे, पितळी-तपकिरी अंग, उभे पट्टे, लालसर डोळा. तुमच्या सांगण्याप्रमाणे हात आधी पाण्यात बुडवले, त्याला हवेत फार वेळ ठेवलं नाही आणि गळ कधी तीस फुटांखाली नेला नाही, कारण त्याहून खोलातून वर ओढलेल्या माशाचा आतला वायू फुगतो आणि सोडला तरी तो तगेल याची खात्री नसते. सगळे सोडले. आईला हे अजून पटलेलं नाही. एवढ्या थंडीत जाऊन धरलेला मासा परत पाण्यात टाकणारी मुलगी आपल्या पोटी कशी, असा तिचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हीच द्या. जेट्टीवर मला दिलं होतंत तेच द्या. जिताडा आधी नर असतो आणि पुढं मोठा होऊन मादी होतो, म्हणजे मोठा जिताडा मारला की अंडी मारली. बासमध्ये नराची मादी होत नाही, पण थोराड मासा बहुतेक मादीच. खाडीत पूर्वीसारखा जिताडा राहिला नाही असं तुम्ही म्हणता, तेव्हा त्यात हे एक कारण तुम्ही धरता आणि सांडपाण्यावर सगळं ढकलत नाही, हे मला फार प्रामाणिक वाटतं.

एकच तक्रार. मी कुडकुडत असताना डेल हॉलो तलावातला विक्रमी स्मॉलमाउथ, ११ पौंड १५ औंसांचा, १९५५ च्या जुलैत लागला होता, हे सांगायची गरज नव्हती. जुलैत, काका!

डबी मी परत आणलेली नाही. खारघरचा एक मुलगा येत्या हिवाळ्यात माझ्याच जागी जातोय, त्याच्यासाठी ती तिथल्या कपाटात ठेवली आहे. दोन जिगांचे केस झडलेत, तेवढे नवे बांधून त्याच्याबरोबर पाठवा. त्याला तुमचा नंबर दिला आहे. तो साडेबारालाच फोन करेल, आणि त्यालाही पोहता येतं असं तो म्हणतो, तेव्हा आधी त्याला रागवा.

काकूंना नमस्कार. लोभ असावा ही विनंती.

तुमची,
नेरूळची पुतणी